पीळ

दोरी मुठीच्या मधोमध यायला हवी होती. ती डावीकडे गेली होती, चांगली पाऊण बोट.

धनुष्याचं पोट, म्हणजे दोरीकडची बाजू, माझ्याकडे होतं (उलटी बाजू ती पाठ), खालचं टोक जोत्यावर टेकवलेलं, आणि मी वरच्या टोकाला गाल लावून एक डोळा मिटून बघत होते. वरचं पातं, म्हणजे मुठीच्या वरचा वाकणारा भाग, थोडं वळलेलं होतं, ते मला आधीपासून माहीत होतं. पण खालचं पातं दोरी चढवेपर्यंत सरळ होतं आणि चढवल्यावर झोपेत कुशीवर वळल्यासारखं डावीकडे कलंडलं होतं. दोन महिन्यांचं तासकाम होतं ते. मी कानस उचलली.

समोर आबा करवतीला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘कानस ठेव खाली.’

‘खरं आबा, दोरी बघा की कुठं गेलीय. डाव्या अंगानं जरा काढतो, लगेच येईल मधे.’ (कोल्हापुरात आम्ही बायकाही ‘काढतो’च म्हणतो, आणि ‘पण’ म्हणायचं असतं तिथं ‘खरं’ म्हणतो.)

‘डाव्याच अंगानं का?’

मला उत्तर देता आलं नाही. दोरी डावीकडे गेली म्हणून डावीकडचं लाकूड काढायचं, एवढाच माझा विचार होता. तो चुकीचा होता. त्या दिवशी आबांनी विचारलं नसतं तर ते पातं कामातून गेलं असतं.

आमच्या गावात पीळ हा कौतुकाचा शब्द आहे. संध्याकाळी शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत तालमीच्या दारावरून जा. लाल मातीतून उठलेल्या पोराच्या दंडाकडे बघून कुणीतरी ‘पीळ धरलाय’ म्हणत असतं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाच्या कट्ट्यावर बसून मी लहानपणी वडिलांसोबत कुस्त्या बघितल्या, तेव्हा पीळदार या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. मिशीला पीळ असतो, फेट्याला असतो. अंबाडीच्या दोराला तर पीळ हाच जीव. धनुष्याच्या दोरीलाही तो लागतोच. दोरी लांब वाटली की आणखी दोन पीळ घालायचे, ती आखडते. तीच गोष्ट लाकडात आली की मात्र धनुष्याचं पातं वाकायच्या ऐवजी वळतं, दोरी मुठीवरून सरकते, आणि फारच झालं तर बाण सोडताना पातं दोरीखालून उलटतं. एकाच वस्तूच्या दोन भागांत एक गुण इतका उलटा वागतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आबा माझ्या नात्यातले नाहीत. आमच्या गल्लीतले सुतार. तालमीतल्या पोरांच्या लाठ्या, मुद्गल, बोथाटीचे दांडे त्यांनी वर्षानुवर्षं करून दिले. मर्दानी खेळातली पोरं त्यांच्याकडे येत. तिरकामठा मागायला आलेली मी पहिलीच असं ते सांगतात. त्यांनी आयुष्यात धनुष्य केलेलं नव्हतं. पण लाकूड कसं वळतं हे ज्याला दारांच्या चौकटींनी चाळीस वर्षं शिकवलंय, त्याला धनुष्याचं वेगळं काही शिकावं लागत नाही, असं माझं मत झालंय.

लाकूड धामणीचं. शाहूवाडीकडे मामाच्या बांधावर एक धामण वाऱ्यात कलली होती, ती मामानं काढली आणि मनगटापेक्षा जाड असा एक सरळ भाग माझ्यासाठी ठेवला. धामण म्हटलं की शहरातल्या माणसाला साप आठवतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुऱ्हाडीचा दांडा आठवतो, कावड आठवते, कारण हे लाकूड वाकतं आणि परत येतं. जुन्या निघंटूंमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या कोशांमध्ये, तिचं एक नाव धनुर्वृक्ष असं आहे. झाडाला त्याच्या कामावरून नाव देणारी माणसं ते झाड नुसतं बघून गेली नव्हती, हातात घेऊन गेली होती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचं साहित्य चार शब्दांत उरकलंय: ताल, चाप, दारव, शार्ङ्ग. म्हणजे ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मात्र सहा नावं आहेत, त्यांत अर्क म्हणजे आपली रुई आणि शण म्हणजे ताग. अग्निपुराणात चार हातांचं धनुष्य उत्तम, साडेतीनचं मध्यम आणि तीनचं कनिष्ठ सांगितलंय. माझं साडेतीन हातांहून थोडं जास्त भरलं.

मामानं ओंडका दाखवला तेव्हाच त्याची साल मला काहीतरी सांगत होती, ते मला वाचता आलं नाही. सालीवरच्या बारीक भेगा एका टोकाकडे सरळ होत्या आणि दुसऱ्या टोकाकडे तिरप्या होत होत्या, स्क्रूच्या आट्यासारख्या, अगदी हलक्या. झाड वाढताना त्याचे तंतू सरळ वर न जाता खोडाभोवती फिरत जातात, तेव्हा सालीवर असं दिसतं. पाचर मारून ओंडका फोडला की चीर तंतूंच्या वाटेनं जाते, करवतीसारखी आपल्या मनानं जात नाही. फोडल्यावर लाकडाचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या मानानं वळलेलं निघालं. तेच पुढे वरचं पातं झालं.

टोकांना फेव्हिकॉलचे दोन हात देऊन लाकूड मामाच्या गुऱ्हाळाच्या माळ्यावर ठेवलं, चुलवाणापासून लांबच्या बाजूला. टोकं उघडी राहिली तर तिथून ओल घाईनं पळते आणि लाकूड फुटतं. एक हंगाम गेला, पावसाळा गेला, दुसरा हंगाम सुरू झाला. गुऱ्हाळ चालू असलं की माळ्यावर रसाच्या वाफेचा वास आणि मंद ऊब असते. लाकूड खाली काढलं तेव्हा त्यालाही काकवीचा वास लागला होता. तो आता तासल्यावर गेलाय, त्याची मला हळहळ आहे.

इथं मागच्या एका धनुष्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आबांनी ‘कानस ठेव’ म्हटल्यावर मी ऐकलं ते त्याच्यामुळे.

तेही धामणीचं होतं, आणि त्याचंही खालचं पातं दोरी ओढल्यावर कलंडायचं. मी कुठंतरी ऐकलं होतं की पीळ शेकून काढतात. शेकला. पातं सुरेख सरळ झालं. घरातल्या सगळ्यांना दाखवलं. चार दिवसांनी दोरी चढवली, वीसेक वेळा ओढली, आणि पातं पुन्हा तसंच. पुन्हा शेकलं, पुन्हा सरळ, पुन्हा वळलं. तिसऱ्या वेळी मी निखाऱ्यावर जास्तच वेळ धरलं. नंतर ओढताना पोटाच्या बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या उमटल्या, केसासारख्या. लाकूड दाबाखाली चुरगळलं की अशा रेषा येतात आणि त्या आल्या की ते पातं परत उभं राहत नाही. ते धनुष्य मी कितीतरी दिवस कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याच्याकडे बघितलं की पोटात कालवायचं. लाकडात काही खोट नव्हती. मी चुकीच्या दुखण्यावर औषध देत राहिले होते, आणि तेही तीन वेळा.

आबांनी ते धनुष्य मागवून घेतलं. डोळे मिटले, पात्याच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं टोकापर्यंत सरकवत नेली. मग उलट आणली. मग मला तसंच करायला लावलं. डोळे मिटल्यावर कळलं: उजवी कड बोटात भरत होती, डावी निसटत होती.

‘जाड अंग वाकंना झालंय. पातळ अंग आधी वाकतंय. मग पातं त्येच्यावर झुकणारच की. शेकून जाडी कमी हुईल व्हय?’

एवढंच होतं ते. पातं दुबळ्या कडेकडे कलतं, म्हणून लाकूड काढायचं ते दणकट कडेचं. दोरी डावीकडे गेली असेल तर उजवीकडचं. मी कानस घेऊन बरोबर उलट्या बाजूला निघाले होते. दुबळं होतं त्यालाच आणखी दुबळं करणार होते.

हे किती थोड्यानं बिघडतं, त्याचं गणित मला नंतर समजलं आणि तेव्हापासून मी कानस वेगळ्या भीतीनं हातात धरते. पट्टी वाकवायला लागणारा जोर रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो. रुंदी निम्मी केली तर जोर निम्मा. जाडीचं तसं नाही. तिथं तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. माझं पातं मध्यावर पाच सूत जाड होतं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यातलं अर्धा सूत म्हणजे १० टक्के. कुणाच्याही डोळ्याला हा फरक दिसणार नाही. पण तेवढ्यानं त्या कडेचा ताठपणा साधारण २७ टक्क्यांनी कमी होतो. एका पात्याची एक कड दुसरीपेक्षा पावपटीहून जास्त लेचीपेची असेल तर ते सरळ वाकेलच कशाला?

म्हणून आता काहीही काढण्याआधी मी बघते, आणि बघण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालते. दोरी उतरवून बघते, मग चढवून, मग अर्धी ओढून. दोरी नसतानाच जो पीळ दिसतो, तो लाकडाचा, झाडानं वाढताना घेतलेला किंवा वाळताना आलेला. दोरी नसताना पातं सरळ आणि ओढल्यावरच कलंडतं, तर तो पीळ बहुतेक माझ्या हातचा. पहिला शेकून निघतो. दुसरा तासून. मागच्या धनुष्यात मी नेमकी इथं गल्लत केली होती.

बघायला फार सामान लागत नाही. आबांनी दोन सारख्या पट्ट्या दिल्या, हातभर लांबीच्या. एक मुठीजवळ पात्यावर आडवी ठेवायची, दुसरी टोकाजवळ, आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. पातं दोन बोटं रुंद असतं, त्यावरचा बारीकसा पीळ डोळ्याला कळत नाही. हातभर पट्टीच्या टोकाशी तो मोठा होऊन दिसतो. दाराच्या फळ्या अशाच तपासतात. शिवाय धनुष्य खुंटीला टांगून ओळंबा सोडायचा आणि त्याचं सूत मुठीच्या मध्यावरून जातंय का बघायचं. दोरीच्या खाचा दोन्ही अंगांना सारख्या खोल आहेत का, तेही तिथंच कळतं. कधी कधी सगळा दोष एका खाचेत असतो. टोकं शेवटपर्यंत रुंद ठेवावीत हे मी याच कामात शिकले. दोरी जरा इकडे-तिकडे असली तर एका अंगानं टोक बारीक करून तिला मधे आणता येतं. आधीच टोकं नाजूक करून बसलं तर ती वाट बंद.

खालचं पातं मी काचेनं खरवडलं. फुटलेल्या खिडकीच्या काचेचा तुकडा, कापडात धरून. रंधा नको, कानससुद्धा नको. काच इतकं पातळ सोलते की भुगा पडण्याऐवजी कागदासारखे भेंडोळे पडतात. उजव्या कडेवर पोटाच्या बाजूनं आठ-दहा हात मारायचे, मग दोरी चढवून वीस-तीस वेळा थोडी थोडी ओढायची, मगच बघायचं. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. लगेच बघितलं तर ते जुन्याच सवयीनं वाकलेलं दिसतं आणि आपण आणखी काढून बसतो. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी खालच्या टोकाला गाल लावला तेव्हा पातं मान ताठ करून समोर बघत होतं.

दोरी तरीही पूर्ण मधे आली नव्हती. आता उरलं होतं वरचं पातं, झाडाचा पीळ.

‘सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही’ ही म्हण मी लहानपणापासून हट्टी माणसांबद्दल ऐकत आलेय, बऱ्याचदा माझ्याबद्दल. लाकडाच्या बाबतीत ती पूर्ण खरी नाही. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं मऊ पडतं. तेवढ्या वेळात लाकूड वळवलं तर तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात आणि थंड झाल्यावर नव्या जागी पक्के होतात. जाळायचं नाही, नुसतं तापवायचं.

हे काम आम्ही मामाच्या गुऱ्हाळावरच केलं. काहिलीखाली चिपाडाचा जाळ ढणाणत होता, मला वाटलं आयता विस्तव आहे. आबांनी तिकडे बघितलंही नाही. ‘जाळ नको, निखारा पायजे.’ बाजूला शेगडीत बाभळीचा कोळसा फुलवला. पात्याला शेंगतेलाचा हात दिला, म्हणजे वरचा थर करपत नाही आणि ऊब सारखी पसरते. मूठ शिकंज्यात. टोकाशी पात्याच्या दोन्ही अंगांना दोन फळकुटं लावून सुतळीनं करकचून बांधली, त्यांचा एक आडवा दांडा झाला. निखाऱ्यापासून चार-पाच बोटं वर पातं राहील असं बेतलं आणि मी शेगडी हळूहळू पुढे-मागे सरकवत राहिले. वीस मिनिटं तरी गेली असतील. पात्यावर हात टेकवला तर ‘एक’ म्हणेपर्यंत टिकेना, तेव्हा आबांनी दांड्याच्या टोकाला वीट टांगली.

दांडा खाली गेला. सावकाश, कुठलाही आवाज न करता. लाकूड वळताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. आट्या असलेल्या त्या सगळ्या भागातून ते एकसारखं वळत होतं. सरळ रेषेशी आलं आणि आबांनी आणखी अर्धी वीट बांधली. ‘पल्याड जाऊ दे थोडं. वीट काढल्यावर माघारी येतंय त्ये.’ मग शेगडी काढून घेतली आणि रात्रभर तसंच टांगून ठेवलं. मामीनं गरम गूळ आणला. आबांनी दोनच बोटं चाटली, मी वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी वीट काढल्यावर पातं थोडं माघारी आलं. पूर्वी पीळ होता त्याचा चौथा हिस्सा उरला असेल. मी लगेच दोरी चढवणार होते. आबांनी दोरीच खिशात घातली. कोरड्या आचेनं लाकडातली ओल उडालेली असते. तशा सुक्या लाकडाला वाकवलं तर ते मोडतं. हवेतून ते पुन्हा आपल्यापुरती ओल घेतं, त्याला दिवस लागतात. आठ दिवस दोरी नाही, असं ठरलं. पावसाळ्यात हे काम मी करणारच नाही. आमच्याकडे जूनपासून हवा इतकी ओली असते की लाकूड सुस्तावतं, ओढलेलं धनुष्य पूर्ण परत येत नाही आणि त्याला कायमचा बाक बसतो.

त्या आठ दिवसांत मला आल्प्समधल्या त्या माणसाची फार आठवण आली. १९९१ साली इटली-ऑस्ट्रियाच्या हद्दीवर बर्फात सापडलेला, पाच हजार वर्षांहून जुना. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं धनुष्य होतं, १.८२ मीटर लांब, त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा मोठं. ते अपुरं होतं. तासल्याच्या खुणा जशाच्या तशा, दोरी चढवण्याजोगं झालंच नव्हतं. तोही कशासाठी तरी थांबला असेल. त्याच्या पात्यातही एखादी जाड कड असेल, आणि त्यानंही डोळे मिटून बोटं फिरवली असतील, असं मी माळ्याखाली बसून मनाशी म्हणत होते.

उरलेल्या पिळाचं काय करायचं, यावर मात्र आबांचं आणि माझं थोडं वाजलं. मला तो पुन्हा शेकून पूर्ण काढायचा होता. आबा म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, दिसतंय की. ते म्हणाले, ‘दिसू दे. दोरी कुठं हाय त्ये सांग.’

दोरी मधे होती. अगदी मधे नाही; खालच्या टोकाच्या एका अंगाला काचेचे चार हात मारल्यावर अगदी मधे आली.

आता माझंही मत आबांसारखंच झालंय, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. काही जण वळलेल्या लाकडातून डोळ्याला सरळ दिसणारं पातं कापून काढतात. रेषा छान येते, पण पाठीवरचे तंतू जागोजाग तुटतात. धनुष्य ओढलं की सगळा ताण पाठीवर येतो आणि तुटलेल्या तंतूच्या टोकाशी चीर उठते. तंतू वळला असेल तर पाठीनं त्याच्यासोबत वळावं आणि पोटानं पाठीच्या मागोमाग जावं. वळलेलं पण अखंड पातं मी कधीही सरळ पण कापलेल्या पात्यापेक्षा पसंत करीन.

मागच्या महिन्यात ऊस गेलेल्या रानात पाचटानं ठासून भरलेलं पोतं उभं केलं आणि वीस पावलांवरून पहिला बाण सोडला. वरचं पातं अजून थोडं वळलेलं आहे. ओढताना ते डोळ्याच्या कडेला जाणवतं, एखाद्या माणसाची मान जन्मतः किंचित एका बाजूला असावी तसं. बाण पोत्यात मागच्या खाचेपर्यंत गेला. मामानं पोत्याभोवती फेरी मारून बघितलं आणि काही न बोलता पुढचा बाण माझ्या हातात दिला.

आबांना यायला जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धनुष्य दोरी चढवूनच त्यांच्या दारात घेऊन गेले. त्यांनी ते हातात घेतलं, वरच्या टोकाला गाल लावला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग धनुष्य उलटं करून खालच्या टोकापासून तेवढाच वेळ बघितलं.

‘मधे हाय,’ म्हणाले. आणि धनुष्य माझ्या हातात देत, ‘आता दोरी उतरव. चढवून फिरवायचं न्हाई असं.’